पॅरेंट-चाइल्ड डेटा एका क्वेरीत निघतो

नागपूरच्या आयटी पार्कात नवी मुलं अजूनही सांगतात, 'मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये पॅरेंट-चाइल्डची (म्हणजे जिल्हा, तालुका, गाव अशी) अख्खी उतरंड एका क्वेरीत येत नाही, कोडमध्ये लूप लावावाच लागतो.' 2018 मध्ये मायएसक्यूएलची 8.0 आवृत्ती 'विथ रिकर्सिव्ह' (आपलाच निकाल पुन्हा वापरत जाणारी क्वेरी) घेऊन आली, तेव्हाच हे जुनं झालं. 'विथ रिकर्सिव्ह' तर एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या 1999 च्या मानकातच आहे.

टेबल एकच: आयडी, नाव, पॅरेंट आयडी (वरच्या पातळीच्या ओळीचा आयडी). क्वेरीतला पहिला सिलेक्ट (ओळी निवडणारा भाग) नागपूर जिल्ह्याची ओळ उचलतो. युनियन ऑल (दोन निकाल एकत्र जोडणारा शब्द) नंतरचा सिलेक्ट हाती आलेल्या ओळींची मुलं जॉइनने, म्हणजे पॅरेंट आयडी जुळवून, शोधतो: आधी रामटेक, काटोल, उमरेड, मग त्यांची गावं. नवी ओळ मिळेनाशी झाली की काम संपलं. पॅरेंट आयडीवर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) मात्र लावाच. आणि जिल्ह्याच्या पॅरेंट आयडीत चुकून त्याच्याच एखाद्या गावाचा आयडी पडला, तर क्वेरी गोल फिरत राहते. मायएसक्यूएल डिफॉल्ट सेटिंगला 1000 फेऱ्यांनंतर एरर देतं.