पोपचा चिली दौरा आणि ओसोर्नोची नेमणूक

जानेवारी २०१८ मध्ये त्या वेळचे पोप फ्रान्सिस चिलीला गेले. १५ ते १८ तारखेचा दौरा. सांतियागो, तेमुको आणि इकीके अशी तीन शहरं. ते पोहोचण्याआधीच सांतियागोतल्या काही चर्चवर पेट्रोलबॉम्ब पडले आणि पोपना धमकावणारी पत्रकं सापडली. जगभरच्या बातम्यांत हेच ठळकपणे आलं. त्यामुळे या दौऱ्याला सगळ्यात चिवट विरोध कोणी केला, ते मागे पडलं. तो विरोध चर्चच्या आतला होता. देशाच्या दक्षिणेकडच्या ओसोर्नो धर्मप्रांतातले, दर रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, जाणारे लोक तीन वर्षं एकच मागणी लावून धरून होते: आमच्यावर नेमलेला बिशप परत घ्या.

या लोकांचा संताप कळायचा तर चिलीत चर्चला काय मान होता हे आधी ध्यानात घ्यावं लागतं. १९७३ ते १९९० या लष्करी राजवटीत तिथलं कॅथलिक चर्च छळ सोसणाऱ्यांच्या मागे उभं राहिलं. १९७६ मध्ये सांतियागोच्या आर्चबिशपांनी मानवी हक्कांचं काम पाहणारं कार्यालयच उघडलं. उचलून नेलेल्या माणसांच्या आया-बायका तिथे येत. त्यांना वकील मिळत, त्यांच्या वतीने कोर्टात अर्ज होत. १९८७ मध्ये त्या वेळचे पोप आले तेव्हा सांतियागोच्या ओ'हिगिन्स पार्कातल्या मिस्सेच्या वेळी निदर्शक आणि पोलिसांची धुमश्चक्री झाली, पण तो राग राजवटीवरचा होता. तीस वर्षांनी त्याच पार्कात दुसऱ्या पोपची मिस्सा झाली तेव्हा रागाचं कारण चर्च होतं.

मधल्या काळातलं मुख्य प्रकरण सांतियागोच्या श्रीमंत वस्तीतलं, एल बोस्के नावाने ओळखल्या जाणाऱ्या धर्मग्रामातलं, म्हणजे एका स्थानिक चर्चच्या हद्दीतलं. तिथल्या मुख्य धर्मगुरूंची अनेक दशकं बड्या घराण्यांत ऊठबस होती. कितीतरी तरुणांना त्यांनी धर्मगुरू होण्याच्या वाटेवर आणलं, त्यांतले काही पुढे बिशप झाले. याच माणसाने आपलं लैंगिक शोषण केलं अशा तक्रारी २००३ च्या सुमारास चर्चच्या वरिष्ठांकडे गेल्या. तेव्हाच्या आर्चबिशपांना त्या विश्वासार्ह वाटल्या नाहीत आणि चौकशी अडून राहिली. शेवटी एप्रिल २०१० मध्ये तक्रारदार टीव्हीवर, स्वतःच्या नावानिशी बोलले. फेब्रुवारी २०११ मध्ये व्हॅटिकनने धर्मगुरूंना दोषी ठरवल्याचं जाहीर झालं. शिक्षा होती उरलेलं आयुष्य प्रार्थना आणि प्रायश्चित्तात घालवण्याची. देशाच्या न्यायालयातही त्याच वर्षी तक्रारी खऱ्या वाटतात असं न्यायाधीशांनी नोंदवलं, पण मुदत उलटून गेली होती म्हणून खटला बंद झाला.

इथून ओसोर्नोची गोष्ट सुरू होते.

१० जानेवारी २०१५ रोजी पोपनी ओसोर्नोला नवे बिशप दिले. हे तोवर लष्कराचे बिशप होते आणि त्याआधी एल बोस्केच्या त्या धर्मगुरूंच्या अगदी जवळच्या वर्तुळातले. पीडितांचं म्हणणं असं, की अत्याचार होत असताना ते तिथे हजर होते, त्यांनी पाहिलं आणि नंतर झाकलं. बिशपांनी हे कायम नाकारलं. त्यांनी स्वतः कुणावर अत्याचार केला असा आरोप नव्हता, आणि नेमणुकीचं समर्थन करणारे नेहमी याच मुद्द्यावर बोट ठेवत. ओसोर्नोच्या लोकांचा प्रश्न मात्र साधा होता. ज्यांच्याबद्दल इतकी शंका आहे त्यांनाच आमच्याकडे का पाठवता?

ओसोर्नोतल्या धर्मगुरूंनी, शेकडो भाविकांनी आणि देशाच्या पन्नासहून जास्त खासदारांनी पत्रं लिहिली. काही उपयोग झाला नाही. २१ मार्च २०१५ ला पदग्रहणाच्या दिवशी कॅथेड्रलमध्ये काळे कपडे घातलेले लोक काळे फुगे घेऊन आत शिरले. घोषणा, धक्काबुक्की, वेदीपर्यंत पोहोचण्यासाठी रेटारेटी; विधी कसाबसा आटोपता घ्यावा लागला आणि नव्या बिशपांना पोलिसांच्या बंदोबस्तात बाहेर काढावं लागलं. दहा दिवसांनी व्हॅटिकनने निवेदन काढलं, की उमेदवारी काळजीपूर्वक तपासली होती आणि नेमणूक अडवण्यासारखं वस्तुनिष्ठ कारण सापडलं नाही. त्याच वर्षी मे महिन्यात पोप रोममध्ये चिलीच्या काही यात्रेकरूंशी बोलले. ओसोर्नोचे लोक मूर्खपणापायी त्रास करून घेताहेत, डाव्यांच्या नादी लागताहेत, असा त्यांचा सूर होता. ती चित्रफीत ऑक्टोबरमध्ये बाहेर आली. ज्यांची उभी हयात चर्चमध्ये गेली त्यांना हे ऐकावं लागलं.

नेमणुकीबद्दलचा सगळ्यात गुंतागुंतीचा कागद मात्र दौऱ्याच्या जेमतेम चार दिवस आधी उघड झाला. ३१ जानेवारी २०१५ ला पोपनी चिलीच्या बिशपांना लिहिलेलं हे गोपनीय पत्र. त्यावरून दिसतं, की २०१४ च्या अखेरीस व्हॅटिकनच्या राजदूतांनी याच बिशपांना लष्करी पद सोडून वर्षभर रजेवर जायला सांगितलं होतं, आणि एल बोस्केतून आलेल्या आणखी दोन बिशपांच्या बाबतीत तेच करायचं ठरलं होतं. मग या बिशपांनी आपल्या राजीनाम्याच्या पत्रात उरलेल्या दोघांची नावं घेतली, आणि पोपच्या म्हणण्यानुसार त्यामुळे सगळी योजना अडली. रजेऐवजी त्यांना ओसोर्नो मिळालं. रजेवर पाठवावं इतकी काळजी वाटत होती, तर विरोध करणाऱ्यांना मूर्ख ठरवायचं कारण काय होतं, याचं उत्तर ना या पत्रात आहे ना नंतरच्या खुलाशांत. पुढे पोपनीच सांगितलं, की या बिशपांनी दोनदा राजीनामा देऊ केला आणि आपण दोन्ही वेळा तो नाकारला.

अशा वातावरणात दौरा सुरू झाला. १६ जानेवारीला ला मोनेदा या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात पोपनी मुलांवरच्या अत्याचारांबद्दल वेदना आणि लाज व्यक्त केली, क्षमा मागितली. त्याच दिवशी पार्कातल्या मिस्सेला ओसोर्नोचे बिशप हजर होते. क्षमेचे शब्द आणि त्यांची हजेरी एकाच दिवशी टीव्हीवर दिसली. १८ तारखेला इकीकेत एका पत्रकाराने त्यांच्याबद्दल विचारलं तेव्हा पोप म्हणाले, पुरावा आणाल त्या दिवशी बोलेन. एकही पुरावा नाही, सगळी बदनामी आहे. पीडितांना खोटं ठरवणारं हे वाक्य होतं. दोन दिवसांत बोस्टनच्या कार्डिनलांनी, म्हणजे पोपच्याच सल्लागारांपैकी एकाने, यामुळे पीडितांना फार दुःख झाल्याचं जाहीरपणे म्हटलं. परतीच्या विमानात पोपनी ‘पुरावा’ या शब्दाबद्दल माफी मागितली, पण बिशपांवरचा विश्वास सोडला नाही. फेब्रुवारीत आणखी एक गोष्ट छापून आली: एका पीडिताचं आठ पानी पत्र २०१५ मध्येच पोपना देण्यासाठी याच कार्डिनलांच्या हाती सोपवलं होतं.

पुढचं सगळं झपाट्याने घडलं. माल्टाच्या आर्चबिशपांना आणि त्यांच्या एका सहकाऱ्याला चौकशीला धाडलं गेलं. ६४ जणांच्या जबान्या आणि सुमारे २,३०० पानांचा अहवाल जमला. एप्रिलमध्ये पोपनी निर्णयात आपल्या गंभीर चुका झाल्याचं लिहिलं आणि तीन पीडितांना रोमला बोलावलं. मे महिन्यात चिलीच्या ३४ बिशपांनी एकदम राजीनामे सादर केले. ११ जूनला ओसोर्नोच्या बिशपांचा राजीनामा मंजूर झाला. १७ जूनला पोपच्या दोन्ही दूतांनी ओसोर्नोच्या कॅथेड्रलमध्ये गुडघे टेकून लोकांची क्षमा मागितली. तीन वर्षांपूर्वी काळे फुगे आले होते ते हेच कॅथेड्रल. सप्टेंबरमध्ये एल बोस्केच्या धर्मगुरूंचं धर्मगुरूपद काढून घेतलं गेलं.

न्यायालयांनीही आता हात घातला. जून २०१८ मध्ये सरकारी वकिलांनी सांतियागो आणि रांकाग्वा इथल्या चर्चच्या कार्यालयांवर छापे टाकून कागदपत्रं नेली. मार्च २०१९ मध्ये अपील न्यायालयाने सांतियागोच्या आर्चबिशप कार्यालयाला तिघा पीडितांना भरपाई द्यायला सांगितलं. त्याच वर्षी जुलैमध्ये मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांना मुदतीची अट लागू नये असा कायदा झाला. तो मागच्या प्रकरणांना लागू होत नाही, म्हणून एल बोस्केचा जो फौजदारी खटला २०११ मध्ये बंद झाला, तो बंदच राहिला.