कवीची निंदा आणि संताचा शाप: मध्ययुगीन आयर्लंडमधला एक नेहमीचा घोळ

मध्ययुगीन आयरिश साहित्याविषयी लिहिणाऱ्यांच्या लेखांत एक विधान हमखास सापडते: तिकडे कवीने शाप दिला की राजाच्या चेहऱ्यावर फोड उठत. लगेच पुढे संत रुअदानने टारा या आयरिश राजपीठाला दिलेला शाप येतो, आणि दोन्ही गोष्टी एकाच गूढ केल्टिक शक्तीची उदाहरणे म्हणून वाचकापुढे ठेवल्या जातात. वस्तुतः कवीने राजाला शाप दिलेलाच नसतो. त्याने निंदाकाव्य रचलेले असते, आणि निंदाकाव्य ही त्या समाजातली कायद्याने बांधलेली, नियम असलेली, चुकल्यास दंडास पात्र ठरणारी कृती होती.

शाप म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. तपस्वी रागावतो, वाणी उच्चारतो, परिणाम टळत नाही. पुराणकथांनी हा साचा आपल्या अंगवळणी पाडला आहे. आयरिश संत बऱ्याच अंशी त्याच साच्यात बसतो, आणि म्हणूनच आयरिश कवीलाही आपण नकळत तिथेच बसवतो. संतचरित्रे लॅटिनमध्येही आहेत आणि आयरिशमध्येही, निंदाकाव्य आयरिशमध्ये आणि पद्यात असते, संताजवळ घंटा असते, असे फरक कोणत्याही कोशात मिळतील. त्यांत फारसे काही अडलेले नाही.

अडते ते कवीच्या बाबतीत. ‘फिली’ म्हणजे विद्यासंपन्न कवी हा व्यवसायाने आणि दर्जाने कायद्यात नोंदलेला माणूस होता. आठव्या शतकाच्या सुमाराच्या कायदेग्रंथांत फिलींच्या सात श्रेणी दिलेल्या आहेत, आणि त्यांतल्या सर्वोच्च ‘ओल्लव’ श्रेणीच्या कवीची प्रतिष्ठा एका लहान राज्याच्या राजाइतकी मोजली जाई. इथे ‘मोजली जाई’ हे अक्षरशः घ्यायचे आहे: प्रत्येक स्वतंत्र माणसाच्या प्रतिष्ठेला ठरलेले मूल्य होते, आणि त्याचा अपमान करणाऱ्याला ते भरावे लागे. निंदाकाव्याचा घाव या प्रतिष्ठेवर पडतो. कृपण राजा, शब्द मोडणारा राजा, कवीचे मानधन बुडवणारा राजा यांच्यावर न्याय्य निंदा करण्याचा फिलीला अधिकार होता. पण आधी इशारा द्यावा लागे, आणि त्यासाठी स्तुती आणि निंदा यांचे मिश्रण असलेली वेगळी रचनाही ठरलेली होती. विनाकारण निंदा केली, तर ज्याची केली त्याचे प्रतिष्ठामूल्य कवीने चुकते करायचे. अन्याय्य निंदा स्तुतिकाव्याने धुऊन काढण्याचीही सोय होती. हा उःशाप नव्हे. उःशाप ही शाप देणाऱ्याची कृपा असते, तर इथे कवी स्वतःचा दोष निस्तरत असतो.

मग चेहऱ्यावरचे फोड कुठून आले? त्यांची सर्वांत प्रसिद्ध कथा कॉर्मकच्या शब्दकोशाच्या परंपरेत आली आहे. हा कोश 908 मध्ये लढाईत मारला गेलेला कॅशेलचा राजा-बिशप कॉर्मक मॅक कुलेनान याच्या नावावर आहे. कॉनॉटचा राजा कायेर याच्या पत्नीच्या चिथावणीवरून त्याचा पुतण्या, कवी नेदे, त्याच्याकडे एक सुरी मागतो. ती कोणालाही देण्यास राजाला बंदी असते, हे नेदेला ठाऊक असते. राजा नकार देतो, नेदे निंदाकाव्य रचतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी झऱ्यावर गेलेल्या कायेरला आपल्या चेहऱ्यावर तीन फोड दिसतात. व्यंग असलेला राजा गादीवर राहू शकत नसल्यामुळे तो पळून जातो आणि नेदे राजा होतो. लेखक मंडळी बहुधा इथेच थांबतात, आणि माझा सर्वांत मोठा राग या थांबण्यावर आहे. पुढे नेदेला पश्चात्ताप होतो, तो कायेरला शोधत जातो, कायेर त्याला पाहून लज्जेने प्राण सोडतो, आणि त्याच क्षणी फुटलेल्या खडकाची कपची लागून नेदेही मरतो. कायद्यात जो दंड आहे, तोच कथेने खडकाकरवी वसूल केला आहे. शेवट गाळला, की अन्याय्य निंदेची ही कथा जादूची कथा होऊन बसते.

निंदेचा सर्वांत उग्र प्रकार, ज्यात कवी सूर्योदयाला टेकडीवर काटेरी झाडाला पाठ लावून उभे राहतात, तो दिसायला नक्कीच अभिचारासारखा आहे. पण चौदाव्या शतकाच्या अखेरच्या बॅलिमोटच्या ग्रंथातले त्याचे वर्णन नीट वाचावे. आधी राजाच्या भूमीवर उपवास होतो आणि तीस सामान्य जन, तीस बिशप व तीस कवी यांची संमती घ्यावी लागते. शेवटी राजा दोषी असेल तर धरणी त्याला गिळते, आणि कवी दोषी असतील तर त्यांना. बाजू पारखून कवीलाच गिळू शकणारी ही व्यवस्था मला शापापेक्षा खटल्याच्या जास्त जवळची वाटते.

संताला असला धोका सहसा नसतो. संत रोनान चर्चची जागा आखत असताना राजा सुव्ने त्याचे स्तोत्रांचे पुस्तक तळ्यात फेकतो, पुढे त्याच्या एका शिष्याला भाल्याने मारतो, आणि रोनानच्या शापाने 637 च्या मॅग राथच्या लढाईत वेडा होऊन पाखरासारखा रानोमाळ भटकतो. पुढे सुव्नेला शुद्ध येऊ लागते, तेव्हा त्याने परत येऊन चर्चला छळू नये म्हणून रोनान पुन्हा देवाची प्रार्थना करतो. शब्द संताचा असला, तरी कृती देवाची आहे. त्यामुळे भरपाई मागायची कोणाकडे, हा प्रश्नच उरत नाही. (सुव्ने रानात उत्तम कविता करतो, म्हणून त्याला फिली म्हणण्याची चूकही दिसते. तो वेडा झालेला राजा आहे, एवढेच.)

शापाचा रोखही वेगळा असतो. तो वंशावर, स्थळावर, कधी नदीतल्या माशांवरही पडतो, आणि बहुतेकदा घटना घडून गेल्यानंतर, मठात बसून लिहिला जातो. आश्रयाला आलेल्या माणसाला राजा दिअर्मत मॅक केर्वल याने ओढून नेले, म्हणून रुअदानने टारा ओस पडेल असा शाप दिला, ही कथा सहाव्या शतकाची म्हणून सांगितली जाते. पण रुअदानची चरित्रे फार नंतरची आहेत, आणि ‘टाराचा राजा’ ही पदवी पुढेही शतकानुशतके मिरवली जात होती. मठाच्या आश्रयहक्काला हात लावू नये, हे राजघराण्यांना बजावण्यासाठी अशी कथा फार उपयोगी होती. आयरिश संत इतर देशांतल्या संतांपेक्षा अधिक सूडबुद्धीचे दिसतात असे बाराव्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरू-लेखकाने लिहिले, तेव्हा त्याने स्वभाव पाहिला. पाहायला हवी होती मठांची मालमत्ता.

सीमारेषा कधीच पुसट होत नाही असे मी म्हणत नाही. उपवास करून बलिष्ठाला अडवण्याचा उपाय कवी आणि संत दोघेही वापरतात. 1414 मध्ये इंग्रजांचा प्रतिनिधी जॉन स्टॅन्ली नीअल ओ हिगिन या कवीच्या घराण्याला लुटतो आणि निंदाकाव्यानंतर मरतो. वृत्तकार त्याला कवीचा चमत्कार म्हणतात. पण या नोंदीतही आधी लुटीची आगळीक आहे आणि मग तिला काव्याने दिलेले उत्तर.

मध्ययुगीन लेखकांना स्वतःला हा भेद इतका स्पष्ट होता की त्यावर ते विनोद करत. कवी सेनखान आपले अंडे खाणाऱ्या उंदरांवर निंदाकाव्य रचतो, दहा उंदीर मरतात, मग तो मांजरांकडे वळतो आणि मांजरांचा राजा त्याला उचलून नेतो. वाटेत संत किअरान तापलेल्या लोखंडाने मांजराला मारून त्याला सोडवतो. सेनखान मात्र चिडतो: आपण खाल्ले गेलो असतो, तर यजमान राजा ग्वाइरेवर निंदाकाव्य करायला कवींना रास्त कारण मिळाले असते.