यान नेमकं खेड्यातच का कोसळतं?

परग्रहावरचं यान बिघडतं, रशियातल्या एखाद्या आडगावाच्या शिवारात येऊन आपटतं आणि दुरुस्ती होईस्तोवर आतल्या मंडळींना तिथंच दिवस काढावे लागतात. विनोदी मालिकेला एवढं पुरतं. बाकड्यावर बसलेल्या म्हाताऱ्या, ट्रॅक्टरवाला, घरात हातभट्टी लावणारा शेजारी, गावाचा पोलीस, ग्रामप्रशासनाचा प्रमुख ही पात्रं तयारच असतात; त्यांच्यात दोन-चार परके सोडून द्यायचे. परक्यांची ओळख वेगळी करून द्यायला नको, ते काम हॉलिवूडनं कधीच केलं आहे. रशियन प्रेक्षक हसतो ते मुख्यतः गावाला. त्या हसण्यामागं काय काय साचलेलं आहे, याची ही पार्श्वभूमी.

जुना काळ थोडक्यात आटोपता येईल. रशियन पडद्यावर खेडं आधी आलं ते सणासुदीचे कपडे घालून. १९५० साली आलेल्या ‘कुबानचे कोसॅक’ या संगीतमय विनोदी चित्रपटात सामूहिक शेतीवरची माणसं गात-नाचत जत्रेत खरेदी करतात. प्रत्यक्षात १९४६-४७ चा दुष्काळ होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. १९५६ साली पक्षाच्या बंद बैठकीतल्या गाजलेल्या भाषणात, टर्की आणि हंसांच्या भारानं वाकलेली शेतकऱ्यांची टेबलं दाखवणाऱ्या चित्रपटांवर थेट कोरडे ओढले गेले. पुढं साठ-सत्तरच्या दशकांत लेखकांची एक पूर्ण पिढी खेड्यावर लिहायला लागली. त्यांच्या कथांतला गावकरी थोडा विक्षिप्त, शहरात गेला की हमखास फजिती होणारा, पण मनानं शहरवाल्यांपेक्षा सरळ. मॉस्कोहून मराठीत छापून येणारी स्वस्त पुस्तकं ज्यांच्या घरी होती, त्यांना हा माणूस अनोळखी वाटणार नाही. आजच्या मालिकांतला ट्रॅक्टरवाला त्याच घराण्यातला आहे, फक्त त्याचं दुःख काढून घेतलं आहे.

त्याच काळात कागदोपत्री एक वेगळी गोष्ट चालू होती, आणि सगळ्यात जास्त भांडण झालं ते तिच्यावरून. रशियन भाषेत ‘नेपेर्स्पेक्तिव्नाया देरेव्न्या’ म्हणतात, म्हणजे पुढं काही भवितव्य नसलेलं गाव. पन्नासच्या दशकाच्या शेवटापासून जिल्हावार नियोजनाचे आराखडे बनू लागले आणि त्यांत गावांची दोन गटांत विभागणी झाली : टिकवायची आणि न टिकवायची. दुसऱ्या गटातलं गाव कुणी बुलडोझर लावून पाडत नव्हतं. तिथं फक्त नवं बांधकाम व्हायचं नाही. मग शाळेत मुलं कमी म्हणून शाळा बंद, दुकान परवडत नाही म्हणून दुकान बंद, दवाखान्यातला फेल्डशर म्हणजे डॉक्टरचा मदतनीस बदलून गेला की जागा रिकामी, रस्ता वाहून गेला की तसाच. मोलोगा हे शहर चाळीसच्या दशकात रीबिन्स्कच्या जलाशयाखाली गेलं, तेव्हा निदान पाणी चढताना दिसत होतं. या गावांच्या बाबतीत बुडवणारं काहीच डोळ्यांना दिसत नव्हतं.

२० मार्च १९७४ च्या ठरावानं या धोरणाला मोठा पैसा मिळाला. युरोपीय रशियातला काळ्या मातीच्या पट्ट्याबाहेरचा भाग, म्हणजे ‘नेचेर्नोझेम्ये’, सुधारायचा होता. त्यात २९ प्रांत आणि स्वायत्त प्रजासत्ताकं येत होती आणि १९७६ ते १९८० या पाच वर्षांसाठी ३५ अब्ज रूबल मंजूर झाले होते. या पट्ट्यात सुमारे १ लाख ४३ हजार गावं होती; त्यांतली २९ हजारांच्या आसपास भवितव्य असलेली ठरली, उरलेली १ लाख १४ हजार नाही. लोकांनी मोठ्या गावात, ‘मध्यवर्ती वसाहतीत’, राहायला जायचं होतं. तिथं मजल्यांच्या इमारती, नळाचं पाणी, सांस्कृतिक केंद्र. गाय कुठं बांधायची आणि बटाटे कुठं साठवायचे, हे आराखडे काढणाऱ्यांना बहुधा सुचलंच नाही. बरेच जण त्या मध्यवर्ती वसाहतीत गेलेच नाहीत. उठायचंच आहे तर सरळ शहरात, असा हिशोब त्यांनी केला.

१९८० पर्यंत ही वर्गवारी अधिकृतपणे मागं घेतली गेली, वाद मात्र तेव्हा सुरूही झाला नव्हता. तो पेटला ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, छापण्यावरची बंधनं सैल झाल्यावर. खेड्यावर लिहिणाऱ्या लेखकांनी एका नामवंत समाजशास्त्रज्ञ बाईंवर बोट ठेवलं : ही कल्पना तुमची, रशियन खेडं तुम्ही मारलंत. बाईंचं म्हणणं उलट होतं. नोव्होसिबिर्स्कमधल्या त्यांच्या गटानं सायबेरियातल्या गावांची पाहणी करून, लहान गावं मोडू नयेत असंच सांगितलं होतं. कागदपत्रं त्यांच्या बाजूनं बोलतात. वर्गवारी वास्तुरचनाकार आणि नियोजन खात्यांकडून आली होती आणि या संशोधनाच्या आधीपासून चालू होती. तरी आरोप चिकटला तो चिकटलाच. रागाला एक चेहरा हवा असतो आणि खात्याला चेहरा नसतो.

दुसरा वाद जास्त अवघड आहे. गावं ठरावामुळं ओस पडली की ओस पडतच होती आणि ठरावानं त्यावर शिक्का मारला? जनगणनेचे आकडे पाहावे लागतात. रशियन प्रजासत्ताकात १९५९ साली सुमारे २ लाख ९४ हजार ग्रामीण वस्त्या होत्या, १९७० साली २ लाख १७ हजार, १९७९ साली १ लाख ७७ हजार, १९८९ साली १ लाख ५३ हजार. म्हणजे सर्वांत मोठी घसरण, जवळजवळ ७७ हजारांची, १९७४ च्या ठरावाआधीच झालेली होती. त्यातली काही गावं नुसती कागदावर शेजारच्या गावात मिसळली गेली, हेही खरं. युद्धात मारले गेलेले पुरुष, कारखान्यांची ओढ, सामूहिक शेतांचं एकत्रीकरण, सगळ्यांचा यात वाटा आहे. पण म्हणून ठराव निर्दोष ठरत नाही. आपल्या गावाला भवितव्य नाही असं सरकारच सांगतंय, हे एकदा कानावर पडलं की तरुण माणूस कशाला थांबेल?

याच वर्षी, २८ ऑगस्ट १९७४ ला, आणखी एक ठराव झाला. त्याची आठवण कमी काढली जाते, पण अडकून पडण्याच्या विनोदाशी त्याचं नातं जास्त जवळचं आहे. सोव्हिएत संघात अंतर्गत पासपोर्टची पद्धत डिसेंबर १९३२ मध्ये आली आणि खेड्यातली बहुसंख्य माणसं तिच्यातून वगळली गेली. पासपोर्ट नाही म्हणजे शहरात नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही म्हणजे राहणं बेकायदा. १९५३ च्या नियमांनुसार थोड्या दिवसांसाठी बाहेर जायचं तर दाखला घ्यायचा, तोही ३० दिवसांपुरता. मुलगा सैन्यात गेला की परत यायचा नाही, मुलगी शिकायला गेली की तिकडचीच व्हायची; सुटकेच्या वाटा या अशा. १९७४ च्या ठरावानं गावकऱ्यांनाही पासपोर्ट द्यायचं ठरलं आणि ते वाटप १९७६ ते १९८१ पर्यंत चाललं. एकाच वर्षात सरकारनं गावाचं भवितव्य काढून घेतलं आणि गावाचं दारही उघडलं. परग्रहवासीयाला पोलीस सगळ्यात आधी ‘कागदपत्रं?’ असं विचारतो, तेव्हा घरातले आजी-आजोबा नातवंडांपेक्षा वेगळ्या कारणानं हसतात.

आता आकाशाकडं वळू. २० सप्टेंबर १९७७ च्या पहाटे ओनेगा तळ्याकाठच्या पेत्रोझावोद्स्क शहरावर जेलीफिशसारखा प्रचंड उजेड दिसला. बातमी खुद्द सरकारी वृत्तसंस्थेनं दिली, त्यामुळं ती भाकड म्हणून उडवता येईना. प्लेसेत्स्कहून सोडलेल्या ‘कॉसमॉस-९५५’ या उपग्रहाच्या अग्निबाणाशी तिचा संबंध जोडला जातो, पण तेव्हा प्लेसेत्स्कला प्रक्षेपणतळ आहे हेच सरकार मान्य करत नव्हतं. खरं कारण सांगायची सोय नाही म्हटल्यावर लोकांनी आपापलं सांगितलं. दुसऱ्या वर्षापासून विज्ञान अकादमी आणि संरक्षण खात्यानं अशा घटनांची गुपचूप नोंद ठेवायला सुरुवात केली.

पुढचा टप्पा खेड्यात घडला. पेर्म प्रांतात सिल्वा नदीकाठी मोल्योब्का नावाचं गाव आहे. १९८३ मध्ये तिथं एका भूगर्भशास्त्रज्ञाला बर्फात मोठं गोल वर्तुळ दिसल्याचं सांगितलं गेलं. १९८९ मध्ये रिगाच्या एका युवक दैनिकानं त्यावर लेखमाला छापली आणि गावात तंबू घेऊन माणसं यायला लागली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस, व्होरोनेझ शहरातल्या बागेत यान उतरलं आणि त्यातून तीन डोळ्यांचा उंच प्राणी बाहेर आला, असं मुलांनी सांगितलं. सरकारी वृत्तसंस्थेनं हेही छापलं आणि जगभरातल्या वर्तमानपत्रांनी ते उचललं. टीव्हीवर याच वर्षी एक गृहस्थ पडद्यातून पाण्यात ‘शक्ती’ भरत होते आणि लोक टीव्हीसमोर बरण्या मांडून बसत होते. व्यवस्था मोडत असताना माणसं काय काय मानायला तयार होतात, याचं इतकं ठसठशीत वर्ष दुसरं सापडणार नाही. मोल्योब्कानं मात्र ती संधी नीट साधली. गावात आज परग्रहवासीयाचा पुतळा आहे आणि त्याच्याबरोबर फोटो काढायला पाहुणे येतात. शहरातून येणाऱ्याला काय पाहायचं असतं, हे गावकऱ्यांना मालिका लिहिणाऱ्यांच्या आधी कळलं होतं.

कथांमध्ये खेडं आणि परग्रहवासी या दोन वाटा आधीच एकत्र आल्या होत्या. ब्रह्मदेशाच्या इतिहासाचा अभ्यासक असलेल्या एका विज्ञानलेखकानं साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून ‘वेलिकी गुस्ल्यार’ या काल्पनिक आडगावच्या गोष्टी लिहिल्या. हे गाव खरं म्हणजे तालुक्यासारखं शहर, व्होलोग्दा प्रांतातल्या वेलिकी उस्त्युगवर बेतलेलं. तिथं परग्रहवासी सारखे येत-जात असतात आणि वाड्यातली मंडळी डॉमिनोचा डाव न मोडता त्यांचं स्वागत करतात. पाहुण्याला नवल वाटावं आणि गावाला वाटू नये, ही युक्ती तिथली आहे. पुढच्या सगळ्या मालिका त्याच युक्तीवर जगतात. १९८६ चा ‘किन-द्झा-द्झा!’ याच्या बरोबर उलटा. मॉस्कोच्या रस्त्यावरून दोन माणसं एका वाळवंटी ग्रहावर फेकली जातात आणि तिथं काडेपेटीतल्या काड्यांना सोन्याचा भाव असतो. तो चित्रपट काराकुमच्या वाळवंटात चित्रित झाला. अडकून पडल्याचा वैताग, टंचाई, पायरीप्रमाणे वाकून नमस्कार घालणं, हे सगळं प्रेक्षकाला ओळखीचं होतं. त्यातलं ‘कू’ हे पालुपद नव्या सर्वोच्च नेत्याच्या नावाच्या आद्याक्षरांशी जुळतं, म्हणून बदलायचा विचार चालला होता. विचार पुरा व्हायच्या आत नेताच वारला, असा किस्सा सांगतात.

टीव्हीवरची सिटकॉम रशियात उशिरा आली आणि उसनी आली. २००४ मध्ये एका अमेरिकन दाई-मालिकेची रशियन आवृत्ती तुफान चालली, २००६ मध्ये दुसऱ्या अमेरिकन मालिकेची, येकातेरिनबुर्गमधल्या घरात बसवलेली, २००९ मध्ये तिसरीची. तिन्हींमध्ये सोफा, जिना, स्वयंपाकघर आणि ध्वनिमुद्रित हसू. या साच्यात खेडं बसत नाही, कारण खेड्यातल्या गोष्टी अंगणात, कुंपणावर आणि चिखलात घडतात. स्टुडिओबाहेर चित्रीकरण परवडू लागलं आणि ते हसू काढून टाकलं गेलं, तेव्हा कुठं खेड्याला जागा मिळाली.

मग एकच मूळ कल्पना वेगवेगळ्या वेषांत येत राहिली : शहरी किंवा त्याहून परका माणूस गावात अडकवायचा. २०१९ च्या ‘झुकी’मध्ये सैन्याऐवजी पर्यायी सेवा करायला तीन संगणकवाले खेड्यात पाठवले जातात, आणि प्रोग्रामर हा गावाला परग्रहवासीयापेक्षा फारसा वेगळा वाटत नाही. २०२० च्या शेवटी यंत्रमानव आणि गोठा एकत्र दाखवणारी एक छोटी चित्रफीत इंटरनेटवर गाजली. तिच्यातूनच २०२३ ची ‘किबेर्देरेव्न्या’, म्हणजे ‘सायबर-खेडं’, ही मालिका आली. तिच्यात खेडंच उचलून मंगळावर नेलं आहे. मला स्वतःला ही उलटापालट जास्त प्रामाणिक वाटते. तिच्यात शेतकऱ्याकडं कुणी पाहुणा म्हणून बघत नाही. यंत्रं त्याची, गाव त्याचं, वैतागही त्याचाच.

बाकीच्या मालिकांविषयी तक्रार जुनीच आहे. लिहिणारे राजधानीतले, त्यांना दारू, चिखल आणि म्हातारी एवढंच खेडं माहीत. समर्थक म्हणतात, विनोदात सगळेच साचे असतात. तक्रार करणाऱ्यांच्या हातात आकडा आहे : २०१० च्या जनगणनेत दीड लाखाहून थोड्या जास्त ग्रामीण वस्त्यांपैकी १९ हजारांवर वस्त्यांत एकही माणूस राहत नव्हता आणि आणखी ३६ हजारांत दहा किंवा त्याहून कमी. शाळा आणि दवाखाने बंद करण्याला आता ‘ऑप्टिमायझेशन’ म्हणतात. आठवड्यातून दोनदा येणारं फिरतं दुकान, टेकडीवर चढल्याशिवाय न मिळणारं मोबाइलचं नेटवर्क, या गोष्टी मालिकेत गंमत म्हणून येतात. बाकड्यावरच्या म्हाताऱ्यांची संख्या मात्र कथेच्या सोयीनं नेहमी भरपूर असते.

या कथांमधलं एक ठरलेलं पात्र लवकरच अडचणीत येणार आहे. यान उतरलं की ‘वर कळवू नका’ म्हणून धावपळ करणारा ग्रामप्रशासनाचा प्रमुख हा अनेक प्रसंगांचा आधार असतो. मार्च २०२५ मध्ये मंजूर झालेल्या स्थानिक प्रशासनाच्या कायद्यानं प्रांतांना गावपातळीची प्रशासनं मोठ्या एककांत विलीन करायची मुभा दिली आहे आणि बऱ्याच प्रांतांत ते काम आधीपासूनच चालू आहे. जिथं ते पुरं होईल तिथं हा प्रमुख गावात राहणार नाही. त्याचं टेबल जिल्ह्याच्या ठिकाणी जाईल. परग्रहवासीयांची नोंद करायची तर आता गावकऱ्यांना त्यांना घेऊन बसनं तिकडं जावं लागेल, तीही त्या दिवशी सुटली तर.