दाराला कडी नसलेल्या पेशी

आषाढी एकादशीच्या दुपारी, फोंडा तालुक्यातल्या आमच्या घरी, आत्याबाई देवासाठी अबोलीची फाती विणायला बसल्या आणि त्यांना गाठ मारता येईना. आयुष्यभर न बघता विणणाऱ्या त्या बोटांमधून फुले निसटत होती, कपाळावर घाम दाटला होता, आणि वहिनीने ‘काय होतेय?’ म्हणून विचारल्यावर त्यांनी तिच्याकडे परक्यासारखे पाहून ‘तूं कोण गो?’ असा उलट प्रश्न केला. घरातल्यांना वाटले, अर्धांगवायूच. १०८ ला फोन गेलाही होता. शेजारच्या निवृत्त परिचारिका धावत आल्या, त्यांनी बोट टोचून साखर पाहिली तर ती ४६ भरली. आत्याबाईंना गिळता येत होते, म्हणून त्यांनी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. वीसेक मिनिटांनी आत्याबाईंनी अर्धवट फाती उचलली आणि ती कोणी उसवली म्हणून सगळ्यांना फैलावर घेतले. सकाळी त्यांनी मधुमेहाची गोळी नेहमीप्रमाणे घेतली होती, पोटात मात्र बिनसाखरेच्या चहाखेरीज काही नव्हते.

मधुमेहाचा मेंदूशी संबंध सांगताना मी साखर वाढण्यापासून सुरुवात न करता साखर उतरण्यापासून करतो, कारण चेतापेशीची खरी अडचण तिथे उघडी पडते. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळीही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी जवळजवळ २० टक्के ऊर्जा तोच वापरतो, आणि ती मुख्यतः ग्लुकोजमधून मिळवतो. यकृत आणि स्नायू यांच्यापाशी साखरेची कोठारे असतात. चेतापेशीपाशी म्हणण्यासारखे काहीच नसते. तिच्या शेजारच्या तारकापेशींकडे थोडा साठा असतो, पण तो फार वेळ पुरत नाही. लांबलेल्या उपवासात यकृत चरबीपासून कीटोन तयार करून मेंदूला पर्यायी इंधन पुरवते हे खरे, परंतु आत्याबाईंची गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावणाऱ्या जातीची होती, आणि रक्तात इन्शुलिन असेपर्यंत ते कीटोन बनू देत नाही. म्हणजे साखर उतरली आणि राखीव इंधनाचा मार्गही त्याच गोळीने अडवला.

ज्या पेशी साखरेविना काही मिनिटांत गोंधळतात, त्यांना जादा साखर का बाधावी, हा प्रश्न साहजिक आहे. उत्तर पेशीच्या दारांत आहे. स्नायू आणि चरबीच्या पेशींचे ग्लुकोज आत घेणारे प्रथिन, ग्लुट-४, एरवी पेशीच्या पोटात असते आणि इन्शुलिनचा निरोप आला की पृष्ठभागावर येते. ही दारे कडी असलेली. रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या पडद्यावरचे ग्लुट-१ आणि चेतापेशींवरचे ग्लुट-३ मात्र इन्शुलिनची वाट पाहत नाहीत. ती कायम उघडी असतात, आणि उपाशी मेंदूसाठी ती तशी असणे हिताचेच आहे. परंतु मधुमेहात रक्तातली साखर वाढली की मेंदूतली साखरही तिच्या मागोमाग चढते, आणि चेतापेशीला ‘पुरे’ म्हणता येत नाही. न्यूयॉर्कचे संशोधक मायकेल ब्राउनली यांनी २००१ साली मधुमेहाच्या गुंतागुंतींची मांडणी याच धाग्यावर केली: ज्या पेशींना ग्लुकोजची आवक कमी करता येत नाही, त्यांनाच तिचा सर्वांत जास्त त्रास होतो. केशवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी त्यातल्याच, आणि चेतापेशींची गतही फारशी वेगळी नाही.

आत शिरलेल्या जादा साखरेचे काय होते? तिचा काही भाग अल्डोज रिडक्टेज नावाच्या विकराच्या तावडीत सापडून सॉर्बिटॉल बनतो. या रूपांतरात पेशीचे एनएडीपीएच नावाचे द्रव्य खर्ची पडते. तेच द्रव्य ग्लुटाथायोन या संरक्षक रेणूला पुन्हा कामाला जुंपण्यासाठीही लागते. परिणामी पेशीचे नुकसान करणारे ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू वाढत असतानाच त्यांना आवरणारे बळ घटते. त्याच वेळी तंतुकणिकांवर, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रांवर, इंधनाचा भार पडून असे रेणू आणखी निघतात. तिसरी गोष्ट आपल्या ओळखीची आहे, फक्त ती मेंदूतही घडते याकडे लक्ष जात नाही. ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणून आपण जी एचबीए१सी चाचणी करतो, ती हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे ते मोजते. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवसांत मोडीत निघतात, म्हणून तिथला हिशोब दर काही महिन्यांनी नवा होतो. चेतापेशी बहुतांशी जन्मभराच्या असतात, आणि त्यांच्या भोवतालच्या काही टिकाऊ प्रथिनांना चिकटलेली साखर वर्षानुवर्षे तशीच राहून पुढे अशी संयुगे बनवते की ज्यांच्यामुळे दाह धुमसत राहतो.

चेतापेशीला थेट बसणाऱ्या या माराखेरीज एक आडवाटेचा मारही आहे, आणि वयस्क रुग्णांत तोच अधिक महत्त्वाचा ठरतो असे माझे मत आहे. मेंदूच्या खोल भागांत जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या मधुमेहात जाड आणि ताठर होतात. जो भाग काम करतो आहे त्याच्याकडे क्षणात रक्त वळवण्याची त्यांची हातोटी कमी होते. काही ठिकाणी वाहिनी बुजून काही मिलिमीटरचा तुकडा मरतो आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. अशा खुणा मेंदूच्या पांढऱ्या भागात, म्हणजे चेतापेशींच्या लांब तंतूंच्या जाळ्यात, साचत गेल्या की विचार थांबत नाही, तो मंदावतो. गावच्या जत्रेतल्या नाटकात चाळीस वर्षे भूमिका केलेल्या एका नटाला मी संवाद विसरताना पाहिले नाही. समोरच्याचा संवाद संपला की त्याचे वाक्य यायला एक ठोका उशीर होऊ लागला, आणि पडद्याआडचा प्रॉम्प्टर अस्वस्थ होऊ लागला. त्या नटाचा मधुमेह जुना होता. त्या उशिराचे कारण तेवढेच होते असा दावा मी करणार नाही, पण मधुमेहींच्या चाचण्यांत स्मृतीबरोबर हा विचाराचा वेगही हमखास तपासतात, तो याच कारणासाठी.

इन्शुलिनचाही मेंदूत वेगळा संसार आहे. १९७८ साली मेंदूत इन्शुलिनचे ग्राही, म्हणजे त्याचा निरोप टिपणारी प्रथिने, सापडले. साखर आत घेण्यासाठी ज्या पेशींना इन्शुलिन फारसे लागत नाही त्यांच्यावर ग्राही कशाला, हे कोडे हळूहळू सुटले: मेंदूत इन्शुलिन चेतासंधींची घडण आणि आठवणींची नोंद यांना मदत करते, आणि चेतापेशींचा सांगाडा सांभाळणाऱ्या टाऊ प्रथिनाला बिघडू देत नाही. शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाले की मेंदूतही ही कामे अडखळू शकतात. शिवाय इन्शुलिनचा निचरा करणारे विकरच अल्झायमरमध्ये साचणाऱ्या बीटा अमायलॉइड या प्रथिनाचाही निचरा करते, त्यामुळे रक्तात इन्शुलिन बेसुमार झाले तर अमायलॉइड मागे राहते, असा तर्क मांडला गेला. २००५ मध्ये अमेरिकेतल्या सुझान डी ला माँटे यांच्या गटाने अल्झायमरला ‘तिसऱ्या प्रकारचा मधुमेह’ असे नाव सुचवले आणि वर्तमानपत्रांना ते फारच आवडले. वैद्यकाने त्या नावावर अजून अधिकृत शिक्का मारलेला नाही, आणि मलाही ते घाईचे वाटते, कारण मधुमेहींच्या मेंदूंच्या शवविच्छेदनात अमायलॉइडच्या गाठींपेक्षा रक्तवाहिन्या बुजल्याच्या खुणाच अधिक ठळकपणे सापडत आल्या आहेत.

धोका मात्र खरा आहे. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम इथे पंचावन्न आणि त्यापुढच्या वयाच्या सहा हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात, १९९९ मध्ये, मधुमेहींत स्मृतिभ्रंशाची जोखीम जवळपास दुप्पट आढळली. बहुतेक मधुमेहींना स्मृतिभ्रंश होत नाही, हेही त्याच दमात सांगायला हवे. तरी आयसीएमआर-इंडियाब या राष्ट्रीय पाहणीच्या २०२३ मधल्या अहवालात देशातले मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के असताना गोव्याचे २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक, निघाले. दुप्पट जोखमीचा अर्थ अशा ठिकाणी वेगळा होतो.

मग साखर जितकी खाली तितके बरे, असे समजायचे का? अमेरिकेतल्या ‘अ‍ॅकॉर्ड’ चाचणीने ते करून पाहिले. एका गटात एचबीए१सी ६ च्या खाली नेण्याचा प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू वाढल्याने ते कडक उपचार २००८ मध्ये थांबवावे लागले. त्याच चाचणीतल्या सुमारे तीन हजार जणांच्या मेंदूचा तपास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा कडक नियंत्रणाच्या गटात मेंदूचे आकारमान किंचित जास्त टिकलेले दिसले, बुद्धीच्या चाचण्यांत मात्र काही फरक पडला नव्हता. साखर वारंवार फार उतरणे हेही वृद्धांत स्मृतिभ्रंशाच्या वाढत्या जोखमीशी जोडले गेले आहे.

जाता जाता एक गोष्ट, कारण ती सोपी आणि सुधारता येणारी आहे. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्वाचे शोषण कमी होते, आणि त्याच्या कमतरतेनेही पायांना मुंग्या येतात व विसराळूपणा वाढतो. रोज ताटात नुस्ते, म्हणजे मासे, असते तेव्हा आमचे बी-१२ कसे घसरेल, असे गोव्यात हमखास ऐकू येते. पण अडचण ताटात नसून शोषणात आहे, म्हणून रक्त तपासलेलेच बरे.

आत्याबाईंची ती गोळी डॉक्टरांनी बंद केली आणि साखर एकदम न उतरवणारी दुसरी दिली. कार्तिकी एकादशीच्या सुमारास त्यांची तीन महिन्यांची शुगर ७.६ आली. वहिनीला ती ७ च्या आत हवी होती आणि ती कागद घेऊन तक्रारीच्या सुरातच दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी आकड्याकडे एकदा पाहिले, आत्याबाईंना आजचा वार आणि नातवंडांची नावे विचारली, आणि ‘या वयाला हे चालेल, गोळी वाढवायची नाही’ असे लिहून दिले.