नेब्रास्का

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या मध्यभागातील एक राज्य. क्षेत्रफळ सुमारे २ लाख चौ. किमी.; लोकसंख्या १९,६१,५०४ (२०२०). राजधानी लिंकन, सर्वांत मोठे शहर ओमाहा. १ मार्च १८६७ रोजी ते संघराज्यातील ३७ वे राज्य झाले.

ओटो या मूलनिवासी जमातीच्या भाषेतील ‘सपाट पाणी’ या अर्थाच्या शब्दावरून राज्याचे नाव पडले. हे पाणी म्हणजे प्लॅट नदी. तिचे पात्र रुंद, उथळ, मधेमधे वाळूचे दांडे. उत्तरेकडे निघालेले पाच लाखांहून अधिक सँडहिल क्रौंच वसंतात येथे उतरतात. दिवसा कापणी झालेल्या शेतांत मक्याचे सांडलेले दाणे टिपतात आणि रात्री शिकारी जनावरांपासून बचाव म्हणून घोटाभर पाण्यात उभे राहतात.

मिसूरी नदीच्या पूर्व सीमेकडून पश्चिमेला जावे तशी जमीन चढत जाते व पाऊस घटतो. वायव्येकडील सुमारे ५० हजार चौ. किमी. प्रदेशात वाळूच्या टेकड्या आहेत. ही वाळू गवताच्या मुळांनी धरून ठेवली आहे. नांगर लागला की ती उडू लागते, म्हणून येथे शेतीपेक्षा गुरेपालन अधिक. जमिनीखाली ओगलाला हा प्रचंड जलधर (पाणी साठवून ठेवणारा भूस्तर) असून त्यावर मक्याचे बागायती क्षेत्र उभे आहे. उपशावर लक्ष ठेवण्यासाठी १९७२ पासून नद्यांच्या खोऱ्यांप्रमाणे आखलेले नैसर्गिक साधनसंपत्ती जिल्हे आहेत. आज ते २३ आहेत. त्यांची मंडळे लोक निवडून देतात आणि त्यांना कर बसवण्याचा व उपशावर मर्यादा घालण्याचा अधिकार आहे. पाण्याचा कारभार पाण्याच्याच हद्दीने चालवण्याची ही रीत मुद्दाम अभ्यासावी अशी आहे.

राज्यपालाची मुदत चार वर्षे, काउंटी (स्थानिक प्रशासनाचे विभाग) ९३. विधिमंडळाला मात्र एकच सभागृह आहे, आणि असे अमेरिकेतील हे एकमेव राज्य. दोन सभागृहांत मतभेद झाला की मोजके सदस्य बंद दाराआड विधेयकाचे अंतिम रूप ठरवतात, हा अमेरिकी सिनेटमधील नेब्रास्काचे सदस्य जॉर्ज नॉरिस यांचा मुख्य आक्षेप होता. १९३४ साली मतदारांनी तो मान्य केला व १९३७ मध्ये नवे सभागृह भरले. सध्याच्या ४९ सदस्यांच्या नावापुढे मतपत्रिकेवर पक्ष लिहिलेला नसतो. लिंकनचे विधान भवन १९३२ मध्येच, दोन सभागृहांच्या हिशेबाने, पूर्ण झाले होते. त्यातले पूर्वेकडील दालन राज्याच्या सिनेटसाठी (वरिष्ठ सभागृहासाठी) होते. आता ते समारंभांना वापरतात.