मणगण्यातला गूळ मांजराला कळत नाही

गोव्यात चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मणगण्याची खीर शिजू लागली की मांजर चुलीच्या आसपास घुटमळते, आणि घरातले कुणीतरी म्हणतेच, "ह्याला गोड भारी आवडते." खरे तर त्याच्या घुटमळण्याशी गोडाचा काही संबंध नसतो. मणगण्यात चण्याची डाळ, साबुदाणा, काजू, गूळ आणि नारळाचा रस असतो. मांजराला ओढून आणतो तो नारळाच्या रसातला स्निग्धांश आणि त्याचा वास. गूळ त्याच्या जिभेला लागतच नाही. साधे पाणी आणि साखरेचे पाणी शेजारी शेजारी ठेवले, तर मांजर दोन्हींत डावे-उजवे करत नाही.

गोव्यातल्या फोंडा, डिचोली, सत्तरी या बाजूच्या जुन्या घरांचा परस म्हणजे बहुधा कुळागरच. माड, पोफळी, केळी, मिरवेली, कुंपणाला फणस. श्रावणातल्या नागपंचमीपासून चवथीपर्यंत घरात गूळ-खोबऱ्याची नुसती रेलचेल असते, आणि त्याच दिवसांत परसातही बरीच वर्दळ असते. एकाच गुळाला यातला कोण कशी दाद देतो हे पाहू लागलो की गोडी गुळात असते ही समजूत सैल होत जाते. ती खाणाऱ्याच्या जिभेवर तयार होते, आणि ती जीभ त्याच्या पूर्वजांनी काय खाल्ले त्यावरून घडलेली असते.

सस्तन प्राण्यांच्या जिभेवर गोड ओळखणारा ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, २००१ मध्ये शास्त्रज्ञांच्या हाती लागला. तो दोन प्रथिनांचा मिळून बनतो: टी१आर२ आणि टी१आर३. जुन्या घरांच्या दोन झडपांच्या दारासारखी ही जोडी आहे. एक झडप नसेल तर दार म्हणून तिचा उपयोग नाही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातल्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरमधल्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले की मांजरात पहिल्या प्रथिनाचे जनुक मोडलेले आहे. त्यातली डीएनएची २४७ अक्षरे गळाली आहेत, त्यामुळे पेशी ते प्रथिन बनवूच शकत नाही. वाघ आणि चित्ता यांचे जनुक तपासले तर तिथेही नेमकी तीच अक्षरे गायब. म्हणजे हा बिघाड घरच्या मांजरापेक्षा फार जुना आहे, साऱ्या मार्जारकुळाच्या पूर्वजापासून चालत आलेला. म्हादईच्या रानातला वाघ आणि आमच्या पडवीतला बोका, दोघेही गोडाच्या बाबतीत सारखेच कोरडे.

असे का झाले असावे? जो प्राणी फक्त मांसावर जगतो त्याला साखर ओळखता आली काय, नाही आली काय, पोट तेवढेच भरते. असे जनुक मोडले तर त्या प्राण्याचे काही बिघडत नाही, म्हणून मोडतोड पुढच्या पिढ्यांत तशीच राहून जाते. २०१२ मध्ये मोनेलच्याच संशोधकांनी आणखी मांसाहारी प्राणी तपासले. समुद्रसिंह, ठिपक्यांचे तरस, लहान नख्यांचे पाणमांजर यांच्यातही हे जनुक निकामी निघाले, आणि गंमत म्हणजे प्रत्येकात ते वेगळ्या ठिकाणी मोडलेले होते. प्रत्येकाने आपापल्या वाटेने गोड सोडले होते.

आता कांडेचोराकडे पाहा. उदमांजर म्हणून ज्याला पुस्तकात ओळखतात तो हाच. मांजराच्या दूरच्या नात्यातला, रात्री कौलांवरून धावणारा, आणि मांस खात असला तरी फळांचा पक्का शौकीन. पिकलेला फणस, चिकू, केळी काही सोडत नाही. माडाच्या शेंड्याला रेंदेराने, म्हणजे माडाचा रस काढणाऱ्याने, बांधलेल्या मडक्यापर्यंत चढून सूर, म्हणजे माडाची ताडी, पिण्याबद्दल तो इतका बदनाम आहे की इंग्रजांनीही त्याला ताडीवरून नाव दिले. माडाच्या पोयीतून, म्हणजे फुलोऱ्यातून, ठिबकणाऱ्या ताज्या रसात साधारण १५ टक्के साखर असते, आणि ती जवळजवळ सगळी सुक्रोज, म्हणजे आपल्या डब्यातलीच साखर. यीस्ट त्यात पडून काही तासांत रस आंबू लागतो. न आंबलेला रस आटवला तर माडाचा काळा गूळ होतो, तोच मापशाच्या बाजारात सुळक्याच्या आकाराच्या ढेपांनी मांडलेला दिसतो. मला विचाराल तर पातोळ्यांना, म्हणजे हळदीच्या पानात वाफवलेल्या तांदळाच्या पिठाच्या गोड पोळ्यांना, तोच हवा. उसाच्या पिवळ्या गुळाने काम भागते, पण धुरकट खमंगपणा येत नाही.

पक्ष्यांची गोष्ट आणखी चक्रावणारी आहे. २००४ मध्ये कोंबडीचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्यात टी१आर२ सापडलेच नाही. पुढे इतर पक्ष्यांतही ते मिळाले नाही. पक्षी डायनासोरांचे वंशज. बहुधा त्या जुन्या मांसाहारी पूर्वजांकडेच ते हरवले. मग केळफुलावर लटकून मध चोखणारा शिंजीर काय करतो? उत्तराचा पहिला धागा शिंजिरापासून फार दूर, अमेरिकेतल्या गुंजन पक्ष्यांत मिळाला. २०१४ मध्ये असे दिसले की त्यांनी प्रथिनांची चव ओळखणारा जुना ग्राहकच थोडा बदलून साखरेच्या कामाला लावला आहे. २०२१ मध्ये दुसरी कडी जुळली: गाणाऱ्या पक्ष्यांच्या मोठ्या कुळातही हेच झाले आहे, पण स्वतंत्रपणे आणि ग्राहकाच्या वेगळ्या जागी बदल करून. या कुळाचा उगम ऑस्ट्रेलियातला, आणि तिथल्या झाडांतून मध आणि गोड चिकाचा पुरवठा भरपूर. शिंजीर, बुलबुल, चष्मेवाला हे सगळे त्याच कुळातले. त्यांच्यातले कित्येक मधाला तोंडही लावत नाहीत, तरी गोडाची जाण पूर्वजांकडून त्यांच्याकडे आली आहे.

गोड कळणे आणि गोड पचणे मात्र निराळे. चवथीनंतर उरलेले गूळ-खोबरे पक्ष्यांसाठी गडग्यावर, म्हणजे परसाच्या दगडी कुंपणावर, ठेवायची पद्धत पुष्कळ घरांत आहे. साळुंक्या उतरतात, चोची मारतात, आजीला समाधान वाटते. पण साळुंकी ज्या कुळातली आहे, त्यातल्या युरोपातल्या स्टार्लिंग या पक्ष्यावर झालेल्या प्रयोगांनी वेगळेच काही सांगितले. त्याच्या आतड्यात सुक्रेज हे वितंचकच, म्हणजे एन्झाइमच, नसते. सुक्रोजच्या रेणूचे दोन तुकडे करायचे, एक ग्लुकोजचा आणि एक फ्रुक्टोजचा, हे त्या वितंचकाचे काम. तुकडे झाल्याशिवाय साखर रक्तात शिरत नाही. ती आतड्यातच राहते, पाणी ओढते, आणि पक्ष्याला जुलाब होतात. असे पक्षी मग सुक्रोज टाळायला शिकतात. ग्लुकोज-फ्रुक्टोजचे पाणी दिले तर तेच पक्षी आनंदाने पितात. पक्ष्यांना भुलवून बिया पसरवणाऱ्या रानफळांत बहुधा या सुट्या साखराच असतात, आणि जांभूळ त्याचे आपल्या अंगणातले उदाहरण. गुळात मात्र बहुतांश सुक्रोज. तेव्हा गडग्यावर काही ठेवायचेच असेल तर गुळाऐवजी पपईची फोड बरी, तिच्यातही सुट्या साखरा अधिक असतात.

वटवाघळांना असली अडचण नाही. फळ तोंडात चिरडायचे, रस गिळायचा आणि चोथ्याची गोळी थुंकायची, अशी त्यांची तऱ्हा. चिकूच्या झाडाखाली सकाळी त्या गोळ्या पडलेल्या दिसतात. त्यांचे गोडाचे जनुक शाबूत आहे. अमेरिकेतली रक्त पिणारी वटवाघळे तेवढी ते गमावून बसली आहेत.

आणि मुंग्या. चवथीच्या घरात खरा सामना त्यांच्याशीच. साखरेला वास नसतो, त्यामुळे बंद खोलीत ठेवलेली साखर मुंगीला लांबून हुंगता येत नाही. गुळाला मात्र वास आहे. तरी पहिली मुंगी बऱ्याचदा भटकता भटकताच येते. तिच्या मिशांवर, तोंडाच्या अवयवांवर आणि पुढच्या पायांवर चव ओळखणारे केस असतात. म्हणजे नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) ताटाच्या काठावरून ती नुसती चालली तरी तिला ताटात काय आहे ते कळते. कीटकांचे हे गोडाचे ग्राहक आपल्या ग्राहकांशी काहीही नाते सांगत नाहीत. आपल्या जिभेवर साखर चिकटली की पेशीच्या आत रासायनिक निरोपांची साखळी सुरू होते. मुंगीत तो ग्राहक स्वतःच एक झरोका असतो, साखर लागताच तो उघडतो आणि विद्युतभार आत शिरतो. उत्क्रांतीने एकाच साखरेसाठी दोन पूर्ण वेगळी यंत्रे बांधली, हे मला या विषयातले सर्वांत नवलाचे वाटते.

पोटभर पाक पिऊन मुंगी परतते, पण तो पाक तिने स्वतःसाठी घेतलेला नसतो. तिला दोन पोटे असतात. पहिल्या पोटातला माल वारुळासाठी. परतताना ती जमिनीवर गंधाची रेघ ओढत जाते, वारुळात तोंडाला तोंड लावून इतरांना चाखायला देते, आणि मग रांग लागते. रेघेवरून जितक्या जास्त मुंग्या जातात तितकी ती ठळक होते. फडक्याने मुंग्या झटकल्या तरी रेघ शिल्लक राहते, म्हणून थोड्या वेळाने दुसरी रांग येते. साबणाच्या पाण्याने पुसली तर गंध जातो. गोडाचे भांडे पाण्याच्या ताटात ठेवणे आणि कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवणे हे जुने उपाय उत्तमच. फक्त पाणी रोज बदलावे, कारण वर धूळ साचली की त्या सायीवरून बारीक मुंग्या बिनधास्त पलीकडे जातात.

झाडांवर पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या स्वयंपाकघरात फारशा येत नाहीत. त्यांचा गोड खाऊ त्यांना बाहेरच मिळतो: झाडाचा रस शोषणारे पिठ्या ढेकणासारखे कीटक मागून साखरेचे थेंब टाकतात, मुंग्या ते चाटतात आणि बदल्यात त्यांची राखण करतात. काजूच्या झाडावर मात्र याच मुंग्या कोवळ्या पालवीची नासाडी करणारे ढेकण्या नावाचे निराळे कीटक हुसकावतात, म्हणून बागाईतदाराने त्यांचे चावे सोसलेले बरे.

माणसाची जीभही काही सरळ नाही. पातोळी वाफेवरून उतरल्या उतरल्या जितकी गोड लागते तितकी फ्रिजमधून काढल्यावर लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गोडाच्या पेशीत टीआरपीएम५ नावाची एक वाहिनी असते, तीच शेवटी मेंदूकडचा निरोप सोडते. बेल्जियममधल्या ल्यूव्हन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले की १५ अंशांकडून ३५ अंशांकडे जाताना ही वाहिनी कितीतरी जोमाने काम करते. गूळ तेवढाच, पण गार जिभेचा निरोपच क्षीण.

हळदीच्या पानाचे काम तर नाकाशी आहे. पानात हळदीचा पिवळा रंग जवळजवळ नसतो. असतात ती फेलँड्रीनसारखी उडून जाणारी सुगंधी तेले. वाफेत ती तांदळाच्या पिठात आणि चुनात, म्हणजे गूळ-खोबऱ्याच्या सारणात, मुरतात. वासाने गोडी वाढू शकते का? ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात झालेल्या प्रयोगांत लोकांना लिचीचा आणि शिंगाड्याचा अनोळखी वास साखरेच्या पाण्याबरोबर काही वेळा दिला. नंतर नुसता तो वासही त्यांना गोड भासू लागला. नागपंचमीला हिंदू घरांत आणि १५ ऑगस्टच्या फेस्ताला ख्रिस्ती घरांत लहानपणापासून पातोळ्या खाल्लेल्या गोंयकाराला हळदीचे पान मोडल्याबरोबर गोड आठवते, ते असेच शिकलेले असणार. ज्याने पातोळी कधी खाल्ली नाही त्याला तो वास औषधी वाटतो, हे पाहुण्यांच्या चेहऱ्यांवरून दिसतेच.

पश्चिम घाटात गुडमार नावाची वेल सापडते, तिला मधुनाशिनीही म्हणतात. तिचे पान चावून साखर तोंडात टाकली तर ती निव्वळ खरखरीत लागते. अर्धा-पाऊण तास गोडी गायब. तिच्यातली जिम्नेमिक आम्ले आपल्या टी१आर३ला अडकून बसतात. उंदरावर ही आम्ले चालत नाहीत. पण त्याच पानात गुरमारिन नावाचे एक प्रथिन असते, ते उंदराचे गोड बंद करते आणि माणसाला त्याने विशेष फरक पडत नाही.

मधुमेह झालेल्या मामांसाठी हल्ली वेगळा घाणा निघतो, त्यात ॲस्पार्टेम या कृत्रिम गोड पदार्थाची पूड घालतात. ती फार वेळ तापवली की गोडी जाते, त्यामुळे सारण शिजवताना न घालता शेवटी मिसळणे बरे, आणि तरीही तांदळाच्या पिठाची साखर रक्तात व्हायची ती होतेच, हे मामांनी विसरू नये. ॲस्पार्टेम उंदराला गोड लागत नाही. कुळागरात धाड घालणाऱ्या तांबड्या तोंडाच्या माकडांना मात्र आपल्यासारखेच लागते. मामांचे ताट पडवीत उघडे राहिले तर माकड गोडासाठी येईल. उंदीरही येईलच, त्याला खोबरे पुरते.