बंपरला पुट्टी भरण्याआधी हे वाचा

पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा, वेळेला आपोआप ब्रेक लावणारा रडार बहुतेक गाड्यांत जाळीतल्या लोगोमागे किंवा बंपरमागे असतो. बाहेरून दिसत नाही, म्हणून डेंटिंग-पेंटिंगच्या वेळी त्याची कुणाला आठवण राहत नाही.

हा रडार 76 ते 81 गिगाहर्ट्झवर चालतो. लाटेची लांबी जेमतेम 4 मिलिमीटर, त्यामुळे समोरचं प्लास्टिक त्याच्यासाठी चष्म्याच्या काचेसारखं. फुटक्या जागी 2 मिलिमीटर पुट्टी भरली की चष्म्याचा नंबरच बदलतो. परतीचा सिग्नल निम्मा झाला तरी पल्ला साधारण 16 टक्केच घटतो. खरा घोटाळा दिशेचा होतो. अँटेनाच्या शेजारशेजारच्या पट्ट्यांवर लाट किती मागेपुढे पोचली यावरून रडार कोन काढतो. थर एकीकडे जाड, एकीकडे पातळ असला की कोन चुकतो. 1 अंशाची चूक 100 मीटरवर पावणेदोन मीटर, म्हणजे जवळजवळ अर्धी लेन. समृद्धीवर 120 च्या वेगात हे 100 मीटर तीन सेकंदांत संपतात.

म्हणून रडारसमोर आम्ही पुट्टी भरत नाही, प्लास्टिक वेल्डिंगही करत नाही. तडा तिथेच असेल तर बंपर बदलावा लागतो. सिल्व्हरसारख्या मेटॅलिक रंगात अॅल्युमिनियमची बारीक चुरी असते. जुन्या रंगावर तो पुन्हा चढवला तर अडथळा वाढतो. थराची जाडी मोजायला पत्र्याचं साधं मीटर प्लास्टिकवर चालत नाही, अल्ट्रासॉनिक लागतं.

बंपर काढून बसवला किंवा रडारचं ब्रॅकेट हललं, की कॅलिब्रेशन, म्हणजे रडारची दिशा नीट जुळलेली आहे ना, हे तपासायचंच. येताना डिकी रिकामी ठेवा, टायरची हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. व्हील अलाइनमेंट आधी होते, कारण रडारची सरळ रेष मागच्या चाकांच्या दिशेवरून धरतात. मग सपाट फरशीवर समोर धातूचा रिफ्लेक्टर ठेवून जुळवणी. काही मॉडेल रस्त्यावर चालवूनच जुळतात. स्कॅनरने नुसता बिघाडाचा कोड पुसला तर डॅशबोर्डवरचा दिवा विझतो, वाकलेलं ब्रॅकेट वाकलेलंच राहतं.

कोरड्या धुळीने सहसा अडत नाही. पावसाळ्यात शिवारातून आलेल्या गाडीवरची ओली काळी माती मात्र रडार आंधळा करते, कारण पाणी ही लाट शोषून घेतं. ती भिजवून मऊ फडक्याने काढा, खरवडू नका. दसऱ्याच्या झेंडूच्या हाराचंही तेच: ताज्या फुलांत पाणीच जास्त. पूजा झाली की गाडी हलवण्याआधी हार उतरवा, लिंबू-मिरची लोगोच्या बाजूला बांधा. बाजारातला क्रोमचा लोगो त्या जागी चिकटवू नका. स्टीलचा गार्ड तर कायद्यातच बसत नाही.